पानगळीत घर उबदार कसं करायचं? (हीटर वाढवा, हे उत्तर नको)

घरघुशी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण मला सुटत नाहीये.

या घरात येऊन चार महिने झाले. उन्हाळ्यात घर फार आवडलं होतं. मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, सगळं कसं मोकळं मोकळं. आता अंधार लवकर पडतो आणि तीच खोली संध्याकाळी दवाखान्यात नंबर येण्याची वाट बघत बसल्यासारखी वाटते. हीटर चालू असतो, भिंतीवरचा आकडा २१ दाखवतो, तरी सोफ्यावर बसलं की पाय पोटाशी घ्यावेसे वाटतात. सासरे सात वाजले की उठून आपल्या खोलीत जातात. "इथे बसवत नाही गं," एवढंच म्हणतात.

मागच्या आठवड्यात दोन उशा, एक शाल आणि मेणबत्त्या आणल्या. फरक शून्य. उशा छान आहेत, छान दिसत पडून असतात.

सजावटीचे फोटो नकोत, ते पाहून पाहून डोळे दुखले. माणसं येऊन बसतील अशी खोली हवी आहे.

बारीकसारीक | सोमवार, रात्री १०:०५

चार प्रश्न. दिवे किती आणि कुठे? सोफा कुठल्या भिंतीला? पडदे जाड की पातळ? जमिनीवर काही अंथरलंय का?

घरघुशी | सोमवार, रात्री १०:२२

छताला मधोमध एक मोठा पांढरा चौकोनी दिवा, तेवढाच. सोफ्याची पाठ मोठ्या खिडकीला. पडदे पातळ, उन्हाळ्यात घेतलेले. जमिनीवर काही नाही, पुसायला सोपं जातं म्हणून.

बारीकसारीक | सोमवार, रात्री १०:२४

उत्तर तुम्हीच दिलंत. :) सविस्तर उद्या लिहितो.

थर्मामीटर | मंगळवार, सकाळी ७:१५

ते लिहीपर्यंत मी सोफ्याबद्दल सांगतो.

भिंतीवरचा आकडा हवेचा असतो. आपल्या अंगाला मात्र फक्त हवा जाणवत नाही. आजूबाजूचे पृष्ठभाग किती थंड आहेत तेही जाणवतं, कारण आपलं शरीर त्यांच्याकडे सतत उष्णता टाकत असतं. हवा २१ अंश आणि पाठीमागची काच १२ अंश असेल, तर पाठीला जे जाणवतं ते २१ च्या बरंच खाली असतं. त्यात काचेला टेकलेली हवा गार होते, जड होते, खाली घसरते आणि जमिनीवरून पुढे सरकते. तुमचे पाय पोटाशी जातात ते तिच्यामुळे.

पडताळा घ्यायचा तर संध्याकाळी सोफ्यावर बसा आणि एक हात काचेसमोर वीतभर अंतरावर धरा, काचेला न लावता. मग तोच हात आतल्या भिंतीसमोर धरा. आकडा बघायची गरज उरणार नाही.

म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे. सोफा खिडकीपासून हलवा आणि आतल्या भिंतीला लावा, म्हणजे जिच्या पलीकडे आपलीच दुसरी खोली आहे तिला. बाकी खरेदी त्यानंतर.

पडद्यांबद्दल: जाड घ्याच, पण वर दांडीपाशी आणि खाली जमिनीपाशी मोठी फट ठेवली तर पडद्यामागे गार हवेचा धबधबा तयार होतो आणि खालून खोलीत येतो. जमिनीला टेकेल इतका लांब हवा. अंधार पडला की ओढा, सकाळी उघडा. आणि हीटर खिडकीखाली असेल तर पडदा त्याच्यावर येऊ देऊ नका. नाहीतर आपण काच तापवत बसतो.

बारीकसारीक | मंगळवार, दुपारी १:१०

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आता दिवा.

छताच्या मधोमध एकच झगझगीत पांढरा दिवा असला की खोलीभर सारखा उजेड पडतो. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. अशा उजेडात काम चांगलं होतं, निवांतपणा येत नाही. सगळं दिसतं, म्हणून नजर कुठेच टेकत नाही. निवांत वाटायला खोलीत थोडा अंधारही लागतो, आणि त्या अंधारात उजेडाची दोन-तीन बेटं.

बल्बच्या खोक्यावर एक आकडा असतो, पुढे के लिहिलेलं. तो उजेडाच्या रंगाचा आकडा, केल्विनमध्ये. मेणबत्तीची ज्योत साधारण १९००. जुने तारेचे पिवळे बल्ब २७०० च्या आसपास. ४००० ला उजेड पांढरा दिसायला लागतो, ६५०० म्हणजे निळसर, ढगाळ दुपारसारखा. तुमचा छताचा दिवा ४००० किंवा त्याच्या वरचा असणार, पैज लावतो. बसायच्या खोलीत २७०० घ्या. बऱ्याच जणांना वाटतं की पिवळा म्हणजे मंद. तसं नाही. रंग वेगळा, प्रखरता वेगळी. प्रखरता ल्यूमेनमध्ये असते. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ८०० ल्यूमेन देत असे, तेवढाच उजेड आता ८-९ वॅटचा एलईडी देतो.

आणि दिवे खाली आणा. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा त्याहून खाली. एक सोफ्याशेजारी, एक समोरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, म्हणजे भिंत उजळेल आणि बल्ब दिसणार नाही. कोपरा उजळला की काळ्या खिडकीकडे लक्ष जात नाही.

डिमर लावायचा विचार असेल तर बल्ब डिमरला चालणारा आहे का ते खोक्यावर आधी बघा. मी बघितलं नव्हतं. आठवडाभर आमच्या घरात नाटकातला वादळाचा प्रवेश चालू होता.

मांजरदासी | मंगळवार, दुपारी ४:३०

घरघुशीताई, मेणबत्त्यांनी फरक पडला नाही कारण वर तो पांढरा दिवा चालू होता. तो बंद करून लावा, मग सांगा.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचा मेणाचा थर कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवू नका, नाहीतर पुढे प्रत्येक वेळी मधेच खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण वाया जातं. आणि दरवेळी लावण्याआधी वात कापून ५-६ मिलीमीटर ठेवा. वात लांब असली की ज्योत नाचते, काजळी धरते आणि महिन्याभरात त्यावरच्या भिंतीवर काळा पंखा उमटतो. आमच्याकडे उमटलाय. त्यावर आता चित्र लावलंय.

सुगंधाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. बंद खोलीत तीन वेगवेगळे वास म्हणजे डोकेदुखीला आवतण. घरात मांजर असेल तर टी ट्री सारखी तेलं डिफ्यूझरमध्ये घालूच नका. त्यातले काही घटक मांजराच्या यकृताला मोडता येत नाहीत आणि त्याला विषबाधा होते.

भाडेकरू_तिसरा_मजला | मंगळवार, सायंकाळी ६:५०

मेणबत्तीवर कुंडी उपडी ठेवली की अख्खी खोली तापते म्हणतात, ते खरं का? व्हिडिओ फिरतोय सगळीकडे.

थर्मामीटर | मंगळवार, सायंकाळी ७:३०

नाही. मेणबत्ती जळताना जेवढी उष्णता निघते तेवढीच निघते, साधारण ५० ते ८० वॅट. वर कुंडी ठेवा नाहीतर मुकुट ठेवा. कुंडी तापते, हाताला गरम लागते आणि आपल्याला वाटतं की काहीतरी घडतंय. उलट चार मेणबत्त्या एकमेकींना चिकटून झाकल्या की मेण जास्त तापून भडका उडू शकतो. करू नका.

त्याच ओघात: कोळशाची शेगडी घरात ऊब घ्यायला कधीही नको, खिडकी किलकिली असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो.

भाडेकरू_तिसरा_मजला | मंगळवार, सायंकाळी ७:५५

बरं झालं विचारलं. कुंडी धुऊन ठेवली होती.

बदल्यात माझ्याकडून एक. मला भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नाही, त्यामुळे मी फटी शोधण्यात पटाईत झालोय. वारा असेल त्या दिवशी उदबत्ती पेटवा, पंखे बंद करा आणि ती खिडकीच्या चौकटीच्या कडेने, दाराखालून, वायर भिंतीत जाते तिथून सावकाश फिरवा. पडदे आधी बाजूला बांधा. धूर सरळ वर जात असेल तर पुढे सरका. जिथे आडवा पडेल किंवा एकदम आत ढकलला जाईल तिथे फट. दुसरी परीक्षा कागदाची. खिडकीच्या झडपेत कागदाची पट्टी धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. अलगद निसटली तर तिथलं रबर दबून सैल पडलंय.

उघडझाप होते त्या कडांना चिकटणारी फोमची पट्टी लावायची, घर सोडताना निघते. दाराखाली जुन्या पँटचा एक पाय शिवून त्यात वाळू भरली आहे, त्याला घरात अजगर म्हणतात. वाळू भरताना आधी आत प्लास्टिकची पिशवी घाला. मी घातली नव्हती.

थर्मामीटर | मंगळवार, रात्री ८:०५

भर घालतो: गॅसवर किंवा लाकडावर चालणारं काही घरात असेल तर मुद्दाम ठेवलेले झरोके बुजवू नका. फट आणि झरोका यांत फरक आहे.

शिळ्या_गप्पा | बुधवार, सकाळी ९:००

अवांतर: ऑटमला शरद म्हणायचं की नाही? आपल्या ऋतुचक्रात शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणं. पानं गळतात ती शिशिरात. त्यामुळे "शरदातली पानगळ" वाचलं की माझा घास अडकतो. धागाकर्तीने नुसतं पानगळ म्हटलंय, ते बरं केलं.

आता अवांतर नसलेलं. तुमच्या खोलीत एकदा टाळी वाजवून बघा. फरशी, काच, मोकळ्या भिंती, म्हणजे टाळी टणत्कार करत परत येणार. खोली ओकीबोकी वाटण्यात या आवाजाचा वाटा मोठा असतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. भांडं ठेवलं तरी खण्णकन वाजतं, बोललेलं घुमतं. आम्ही रहायला आलो तेव्हा सामानाचा ट्रक दोन दिवस उशिरा आला. त्या दोन दिवसांत आम्ही नवरा-बायको चक्क कुजबुजत बोलायचो. मग पुस्तकांची खोकी आली, नुसती खोकी, उघडलीही नव्हती, आणि आवाज खाली बसला. जाड सतरंजी, पडदे, भरलेलं पुस्तकांचं कपाट, कापडी खुर्ची, यातलं काहीही आवाज पिऊन टाकतं.

सतरंजीचा दुसरा फायदा थर्मामीटर सांगतील.

थर्मामीटर | बुधवार, सकाळी ९:४०

आज्ञा. फरशी आणि लाकूड एकाच खोलीत असतील तर दोन्हींचं तापमान तेच असतं. फरशी पायातली उष्णता झपाट्याने ओढते, लाकूड हळू, लोकर त्याहून हळू. पायाला जो गारठा लागतो तो त्या वेगाचा.

लोकरीची आणखी एक गंमत. ती आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषते तरी ओली लागत नाही, आणि शोषताना किंचित उष्णता सोडते. कृत्रिम धाग्याच्या शालीखाली थोड्या वेळात घाम आल्यासारखं होतं, लोकरीच्या शालीखाली होत नाही, ते यामुळे.

चष्मेबहाद्दर | बुधवार, दुपारी १२:२०

सगळ्यांचं वाचलं. मी थोडा विरोधी सूर लावणार आहे.

घरघुशी, तुमच्या घरात सासरे आहेत. वर जे सगळे मंद दिवे आणि सतरंज्या सांगतायत त्यांच्या घरात बहुधा चाळिशीच्या पुढचं कोणी नाही. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. तुम्हाला जे रम्य वाटतं ते त्यांना अंधूक वाटतं. आणि वयस्कर माणूस घरात पडतो तो उचललेल्या सतरंजीच्या कोपऱ्याला अडखळून, किंवा दिव्याच्या वायरीत पाय अडकून.

म्हणून: सतरंजीखाली रबराची जाळी, कोपरे चिकटवलेले. वायर भिंतीच्या कडेने. संडासच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा. आणि ते वाचत असतील तर त्यांच्या खुर्चीपाशी त्यांचा स्वतःचा दिवा, भरपूर ल्यूमेनचा, खांद्याच्या मागून येणारा, बटण बसल्या जागी हाताला लागेल असा. उजेडाचा रंग पिवळाच ठेवा, ताकद वाढवा. बाकी खोली तुमची.

आणखी एक. "इथे बसवत नाही" याचा अर्थ त्यांना विचारलात का?

घरघुशी | बुधवार, दुपारी १२:४५

नाही. :( आज विचारते.

उलटी_पानगळ | बुधवार, रात्री ११:१०

मी दक्षिण गोलार्धात. आमची पानगळ मार्चमध्ये सुरू होते, त्यामुळे सगळं जग उबदार घराबद्दल बोलत असतं तेव्हा मी पंख्याखाली बसून वाचत असते. तरी अनुभवाचं एक सांगते, दमटपणाचं.

फटी बुजवल्या, पडदे ओढले, आत कपडे वाळत घातले, वर मेणबत्त्या, आणि पहिल्या वर्षी कपाटामागे काळी बुरशी. २० अंशांच्या हवेत आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या किंवा त्याहून गार पृष्ठभागावर पाणी धरतं. काच, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची हवा न खेळणारी जागा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. रोज दोनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा आणि बंद करा. दिवसभर एक खिडकी किलकिली ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण तेवढ्या वेळात हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत.

खूप थंडी पडली की उलटं होतं. ५ अंशांची बाहेरची हवा आत येऊन २१ पर्यंत तापली की तिची आर्द्रता फार तर पस्तीस टक्के उरते, मग ओठ फुटतात. आर्द्रता मोजायचा छोटा काटा घ्या, ४० ते ६० च्या मधे ठेवा.

वहीतलं_पान | गुरुवार, दुपारी ३:००

सजावट नको म्हणालात, तरी एक खोडी काढते. फांदी तोडून पाण्यात ठेवली की चार दिवसांत पानं कुरकुरीत होऊन खाली. त्याऐवजी एक भाग ग्लिसरीन, दोन भाग गरम पाणी, त्यात फांदी उभी करा, देठ खालून ठेचून. पानं अजून लवचिक असतानाच तोडायची, पूर्ण लाल झालेली पाणी ओढत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत पानं तपकिरी, मऊ होतात आणि वर्षानुवर्षं तशीच राहतात. हात लावला तर पातळ चामड्यासारखी लागतात.

घरघुशी | पुढचा मंगळवार, रात्री १०:१५

हजेरी लावते.

सोफा हलवला. आतल्या भिंतीला लावला आणि खिडकीकडे तोंड झालं. त्या रात्रीच फरक, एक रुपया न खर्चता. खिडकीसमोरचा हात मी नवऱ्याला धरायला लावला, तो म्हणाला "अगं, हे तर फ्रीजचं दार!" पडदे मागवलेत, तोवर दाराचं जुनं जाड कापड अडकवलंय. दिसायला गबाळं आहे. असू दे.

छताचा दिवा तपासला. ६५००. बारीकसारीक, पैज जिंकलात. तो संध्याकाळी आता लावतच नाही. दोन छोटे दिवे, २७०० चे. उदबत्तीची गंमत अशी की खिडक्या पक्क्या निघाल्या, आणि धूर आडवा पडला तो भिंतीतल्या विजेच्या बटणापाशी. तिथून वारा येईल असं स्वप्नात नव्हतं. वायरमनला बोलावलंय, आम्ही स्वतः हात लावलेला नाही.

टाळी वाजवली. घरातल्या सगळ्यांनी वाजवली. सतरंजी अंथरल्यावर परत वाजवली. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल ते जाऊ दे.

आणि चष्मेबहाद्दर, तुमचे आभार वेगळे. बाबांना विचारलं. मला वाटत होतं त्यांना थंडी वाजते. ते म्हणाले, "वरचा दिवा डोळ्यांत घुसतो आणि पेपर मात्र दिसत नाही." पांढऱ्या दिव्याखाली त्यांची स्वतःचीच सावली पेपरवर पडायची. चार महिने. मी रोज बघत होते ते पेपर उचलून खोलीत जाताना.

त्यांच्यासाठी उभा दिवा आणला, खांद्यामागून उजेड येईल असा. त्या रात्री साडेनऊपर्यंत बसले. शब्दकोडं सोडवलं, मला एक शब्द विचारला, तो मला आला नाही.

मांजरदासी | मंगळवार, रात्री १०:३१

वा! कुठला शब्द?

घरघुशी | मंगळवार, रात्री १०:४०

चार अक्षरी, "हलवणे". मी सरकणे म्हटलं, तर म्हणाले ते आपलं आपण होतं, हे दुसऱ्याला करायचं. सरकवणे पाच भरतात. अजून अडलंय.

शिळ्या_गप्पा | बुधवार, सकाळी ८:१५

ढकलणे.

घरघुशी | बुधवार, रात्री ९:५०

बरोबर! सांगितलं त्यांना. पण एक नवीन तक्रार आहे. उभा दिवा रोज सकाळी जेवणाच्या टेबलापाशी सापडतो. त्यांना नाश्त्याच्या वेळीही तोच हवा असतो, आणि मी परत खुर्चीपाशी आणून ठेवते.

चष्मेबहाद्दर | बुधवार, रात्री १०:०२

दुसरा आणा. वायर ओढत दिवा घेऊन फिरणं धोक्याचं.

घरघुशी | गुरुवार, सकाळी ८:२०

आज दिवा जागेवरच होता. बाबांनी टेबल ढकललंय.